सापगाव ते टाकळी, घाटरस्त्याने

सापगाव, ता. शहापूर
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

सापगावाहून जया लिहिते. माझा आवाज ऐकला की तुमी फोन ठेवून देता, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर वाचून मग फाडा.

तुमच्या भावाला फेब्रुवारीत झटका आला. शहापूरच्या स्टँडवर जीप लावून किन्हवलीच्या सीटा भरत होते. हाक मारता मारता हाक अर्धीच राहिली आणि डोकं स्टेअरिंगवर टेकलं. ठाण्याला दवाखान्यात सतरा दिवस काढले. जीव वाचला. उजवा पाय ओढत चालतात, उजवा हात कामाचा राहिला नाय, आणि वाचा गेली. कळतं सगळं. पण तोंडातून एकच शब्द निघतो, "बरं". पाणी पायजे असलं तरी बरं, आणि माझा राग आला तरी बरं. डॉक्टर म्हणतात, बोलणं हळूहळू थोडंफार येईल, नायतर नाय येणार.

तुमाला कळवलं नाय, हे चुकलं. नम्रता सारखी म्हणत होती, आत्याला सांग. मीच थांबवलं तिला. का ते नंतर लिहीन.

आता मुद्द्याचं. मी यांना नम्रताची लहानपणची पाटी काढून दिली. डाव्या हाताने रोज काहीतरी गिरवायचे, नुसत्या रेघा. गणपती गेल्यावर एका दुपारी पाटी माझ्यापुढे धरली. त्यावर "ताई" लिहिलेलं. मी विचारलं, "ताईंना बोलावू?" तर मान हलवली, नाय. "आपण जायचं?" असं विचारल्यावर उठले, पाय ओढत अंगणात गेले आणि जीपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हरच्या नाय, बाजूच्या सीटवर. दोन तास उठले नायत.

एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नायत. भाड्याची गाडी म्हटली की तोंड फिरवतात. म्हणून मी ठरवलंय. जूनपासून मी गाडी शिकते आहे. शहापूरच्या मोटार स्कूलमध्ये किशोरभाऊ म्हणून शिकवणारे आहेत, ते पयल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, स्कूटी शिका, सोपी पडेल." मी म्हटलं, स्कूटीवर यांना कुठे बसवू? गेल्या आठवड्यात लायसन हातात आलं.

भात कापून झालं की यांना घेऊन मी तुमच्याकडे येणार. नाशिकचा हायवे नको वाटतो, तिकडे सगळे मोठमोठे ट्रेलर. शेणवा, किन्हवली, सरळगाव, टोकावडे, आणि माळशेज चढून. हे पूर्वी तुमच्याकडे यायचे तोच रस्ता.

तुमच्या होकाराची वाट बघत नाय, पण उत्तर दिलंत तर बरं वाटेल.

जया


टाकळीजवळ, मळ्यात
२४ ऑक्टोबर २०२५

जया,

तुझं पत्र दिवाळीत मिळालं. सूनबाई म्हणाली, वाचून दाखवू का. मी म्हटलं, मला सातवीपर्यंत शाळा आहे, माझं मी वाचते.

हरेशचं वाचून वाईट वाटलं. नऊ वर्षं बोललो नाही म्हणून तो माझा भाऊ नाही असं होत नाही. त्याला औषध वेळेवर दे, मीठ कमी घाल. आमच्या जयरामच्या सासऱ्यांना असाच झटका आला होता, ते रोज तेलानं हात चोळून घ्यायचे, त्यांना फरक पडला.

पण इकडं आणू नको. आबांना जाळलं त्या दिवशी मी तुमच्या उंबऱ्यावर सांगून निघाले, की माझं माहेर संपलं. ते रागात बोलले असं समजू नको. अजून तेच आहे. त्याची वाचा गेली म्हणून मला कीव येईल, आणि मी सगळं विसरेन, असं तुला वाटत असेल तर चुकीचं आहे.

आणि माळशेज म्हणजे सापगावचा पूल नव्हे. तिकडं जन्मभर गाडी चालवलेली माणसं घाबरतात. चार महिने शिकलेल्या बाईनं आजारी माणूस घेऊन तो घाट चढू नये.

कमळ


सापगाव
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

आणू नको म्हणालात, तरी मी निघाले होते. लपवत नाय. गेल्या रविवारी निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो.

सकाळी सात वाजता भातसाचा पूल ओलांडला. हे बाजूला, मांडीवर पाटी. गाडी शिकवली किशोरभाऊंनी, पण चालवायला शिकवलं यांनीच. माझं काय चुकलं की डाव्या हाताने डॅशबोर्डवर टकटक करतात. एकदा वाजवलं तर हळू. दोनदा म्हणजे गियर बदल. पंजा आपटला की माझी खैर नाय.

शेणव्याच्या पुढे रस्त्याला माणूस नव्हता. दोन्ही बाजूंनी भात कापून टाकलेलं, कुठे झोडणी चाललेली, रस्त्याच्या कडेला पेंढ्याचे भारे. सागाची पानं पिवळी पडायला लागलीत. किन्हवली सोडली की रस्ता झाडांतून वर-खाली होत जातो, मला त्याची मजा यायला लागली होती. एवढी वर्षं या रस्त्याने मी मागच्या सीटवर बसून, पदर तोंडाला लावून, ओकारी दाबत आले. रस्ता कसा दिसतो ते पयल्यांदा बघितलं. हेसुद्धा टकटक करायचे थांबले होते.

सरळगावला मोठ्या रस्त्याला लागलो. टोकावडे झालं. वैशाखरेला उजव्या हाताला नानाचा अंगठा, तो डोंगराचा सुळका, दिसायला लागला, तेव्हा यांनी बोट दाखवलं. मोरोशी मागे पडलं आणि घाट सुरू झाला.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर पुढचा ट्रक थांबला म्हणून मी थांबले. तो निघाला, मी क्लच सोडला, गाडी बंद. परत चालू केली तर मागे सरकायला लागली. माझ्या मागे दुसरा ट्रक. ब्रेकवर पाय होता, पण नीट दाबला जात नव्हता. तेवढ्यात हे डावा हात आडवा टाकून माझ्या अंगावरून वाकले आणि हँडब्रेक ओढला. जोरात ओढला. गाडी थांबली.

मागच्या ट्रकवाल्याने उतरून चाकाखाली दगड लावला. भला माणूस. म्हणाला, "बाई, सरका, मी वर नेऊन देतो. माझा क्लीनर ट्रक आणेल." मी यांच्याकडे बघितलं. हे समोर दरीकडे बघत होते, कपाळावर घाम. मी ट्रकवाल्याला म्हटलं, "वर नेऊन द्याल, पण उद्या उतरायचं मलाच आहे. मला गाडी वळवून द्या." त्याने दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि मला वळवून दिलं.

घरी येईपर्यंत हे एकदाही बरं म्हणाले नायत.

ताई, आता रोज सकाळी डोळखांबच्या रस्त्याला जाते. तिथे एक चढ आहे, चांगला उभा. मधोमध गाडी थांबवायची, मागच्या चाकाखाली दगड ठेवायचा, आणि हाफ क्लचवर उचलायची. पयल्या दिवशी दगडावर आदळतच होती. परवापासून दगडाला चाक लागत नाय. काल मी दगड काढून टाकला आणि चार वेळा उचलली.

नम्रता कल्याणवरून फोनवर ओरडते, "आई, तुला कोणाला काय दाखवायचंय?" कोणालाच नाय. पण मी येणार.

जया


मळ्यात
२६ नोव्हेंबर २०२५

जया,

तुझं पत्र वाचून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ती गाडी मागं जात होती ते डोळ्यांपुढून हालेना. तो हँडब्रेक ओढायला त्याला कसं सुचलं कोण जाणे. लहानपणी बैलगाडीचे बैल उधळले तर हाच पहिला उडी मारून बाजूला व्हायचा.

तू घाटाचं लिहिलंस म्हणून मीही लिहिते. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंच नाही.

आबा गेल्याचं मला पहाटे कळलं. श्रावण होता, पाऊस धरून लागलेला. मिळाली ती गाडी धरून मी आळेफाट्याला आले, तिथून फोन लावला. तुला सांगितलं, निघाले आहे, थांबा. ओतूरच्या पुढं गाड्या थांबल्या. घाटात दरड आलेली. लोक परत फिरले. मी मढवरून एका दुधाच्या टेम्पोत बसून बोगद्यापर्यंत गेले. पुढं टेम्पो जाईना. तिथं दगड फोडणारी माणसं होती, त्यातल्या एकाचा हात धरून मी तो ढीग ओलांडला. वरून माती अजून पडत होती. तो म्हणाला, "मावशी, कशाला जीव घालवता?" मी म्हटलं, माझे वडील वाट बघतायत. मग चप्पल तुटली, ती टाकली, आणि मोरोशीपर्यंत घाट अनवाणी उतरले. एकसष्ट वर्षांची होते मी.

सापगावात पोचले तेव्हा चार वाजले होते. नदीकाठी राख होती आणि त्यावर पत्रा आडवा लावलेला. दुपारी बारालाच उरकलं, असं कळलं. मी हरेशला विचारलं, निरोप मिळाला नव्हता का? तो म्हणाला, "मिळाला होता. मीच थांबलो नाय." एवढंच. कारण नाही दिलं.

मला नऊ वर्षं एकच विचारायचं आहे. का थांबला नाहीस? आता विचारून उपयोग नाही, तो बरं म्हणेल. म्हणून म्हणते, येऊ नका. त्याला बघून माझा प्रश्न माझ्याच घशात अडकून राहील.

चढावर गाडी उचलायचं शिकलीस ते चांगलं केलंस. ते कुणालाही लागतंच.

कमळ


सापगाव
४ डिसेंबर २०२५

ताई,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. चप्पल टाकली तिथे आल्यावर यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पुढे वाचू नको म्हणून. मी वाचलं. मग ते उठून मागच्या पडवीत गेले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ते यांना कधीच द्यायचं नव्हतं, आणि आता देता येत नाय. मी गप्प राहिले तर ते कायमचं बुडेल. पयल्या पत्रातच लिहायला पायजे होतं, हिंमत झाली नाय.

तुमचा फोन मी घेतला होता, ते तुमाला माहीत आहे. पुढचं माहीत नाय.

यांचा फोन माझ्याकडे होता, हे लाकडं बघायला गेलेले. साडेनऊ वाजले असतील. तुमी म्हणालात, "जया, मी आळेफाट्याला आहे, निघाले आहे, मी येईपर्यंत आबांना नेऊ नका. हरेशला सांग." मी हो म्हटलं. मग अर्ध्या तासाने कोणीतरी आलं, माळशेजला दरड पडली, घाट बंद. इकडे नदीचं पाणी चढत होतं. गावातली मोठी माणसं घाई करत होती, लाकडं भिजतील, पाणी वर आलं तर जागा मिळणार नाय. यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताईचा फोन आला?" मी म्हटलं, "घाट बंद झालाय. त्यांना येता येणार नाय."

थांबा म्हणालात, ते सांगितलं नाय.

विसरले असं लिहिलं तर तुमी मानाल, पण विसरले नव्हते. आबांना तीन वर्षं अंथरुणावर मी बघितलं. कूस बदलायची, भरवायचं, धुवायचं. तुमी वर्षातून दोनदा यायचात, उशाशी बसायचात, आणि आबा सगळ्यांना सांगायचे, माझी कमळ आली. त्या दिवशी मी थकले होते, आणि माझ्या मनात आलं, आता ताईंसाठी थांबायचं कशाला? एवढाच विचार, एका क्षणाचा. पण त्याच क्षणी यांनी विचारलं.

संध्याकाळी तुमी दारात आलात, चिखलाने भरलेले पाय, आणि म्हणालात, थांबा म्हणून मी फोन केला होता. तेव्हा यांना कळलं. यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग तुमाला म्हणाले, मीच थांबलो नाय. तुमी गेल्यावर मी पाया पडले. मी म्हटलं, ताईंना खरं सांगा. हे म्हणाले, "सांगून काय होणार? माझ्यावर रागावली तर भाऊ म्हणून रागावेल. तुझ्यावर रागावली तर तुला आयुष्यभर तोंड दाखवता येणार नाय." त्यावर परत कधी आमच्यात हा विषय निघाला नाय. दर भाऊबीजेला हे पाटावर न बसता जीप घेऊन बाहेर निघून जायचे.

म्हणून मला यायचंय. यांना तुमाला भेटवायचंय, आणि हे तुमच्या समोर उभं राहून मला म्हणायचंय. कागदावर सांगून घरी बसणं मला जमणार नाय.

१४ तारखेला रविवारी निघतो. उत्तर आलं नाय तरी निघणार. दार उघडलं नायत तर आमी अंगणात बसू, आणि परत येऊ.

जया


सापगाव
१७ डिसेंबर २०२५

ताई,

परवा दुपारी घरी सुखरूप पोचले. तुमी विचारलं नव्हतंत, पण यांना काळजी असेल, म्हणून लिहिते. यांना वाचून दाखवा. जाताना काय झालं ते त्यांना माहीत आहे, तरी त्यांना ऐकायला आवडेल.

या वेळेला घाटात गाडी बंद पडली नाय. त्याच वळणावर पुढे एसटी थांबली होती, मी थांबले, आणि हाफ क्लचवर उचलली. यांनी हँडब्रेककडे बघितलंसुद्धा नाय. पण बोगद्यात शिरताना यांचा हात माझ्या गियरवरच्या हातावर आला आणि बाहेर उजेड येईपर्यंत तिथेच राहिला.

वर गेल्यावर सगळंच वेगळं. आमच्याकडे झाडं अंगावर येतात, तिकडे आभाळच मोठं. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी रस्त्याच्या बाजूने लांबपर्यंत चाललं होतं, त्यात पांढरे पक्षी. ओतूरला ऊस आणि कांदा. एका ठिकाणी थांबून चहा घेतला, तिथल्या मावशीने विचारलं, "गाडी हे चालवत नाहीत?" यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बरं." ती हसली. आळेफाटा सोडल्यावर झाडं कमी कमी होत गेली, बाभळी राहिल्या, आणि ज्वारी. बेल्ह्याच्या पुढे तर रस्ता असा सरळ, की समोरून येणारी गाडी कितीतरी वेळ आधी दिसते. मला वाटलं होतं कोरडा, रुक्ष मुलूख असेल. तसा नाय वाटला. इथे माणसाला लांबचं दिसतं.

पुढचं तुमाला माहीतच आहे. तुमी वाफ्यात होतात, हातात कांद्याच्या रोपांची जुडी. जीप बघून उभ्या राहिलात, पण हललात नाय. हे काठी टेकत वाफ्यात उतरले. भिजवलेली माती. काठी रुतली, पाय रुतला. मी धावले, पण तुमी माझ्या आधी पोचलात. तुमी जुडी टाकून यांच्या काखेत हात घातलात, आणि मला म्हणालात, "तू सोड." मी सोडलं.

मग अंगणात तुमच्या घरच्यांसमोर मी म्हटलं ते म्हटलं. तुमी ऐकून घेतलंत. जेवायला वाढलंत. भाकरी गरम होती. सकाळी एवढंच म्हणालात, "हा महिनाभर इथं राहील. तू जा."

जाताना यांनी मला जीपपर्यंत सोडलं. टपावर दोनदा टकटक केलं, गियर बदल म्हणून. मी एकटी निघाले.

घाट उतरताना बाजूची सीट मोकळी होती. टकटक करणारं कोणी नव्हतं. उतरणीला दुसऱ्या गियरवर ठेवलं, ब्रेकवर पाय जड केला नाय, आणि मोरोशीला आले. तिथे झाडाखाली दोन बायका उभ्या होत्या, एक पोटुशी. सरळगावला डॉक्टरकडे जायचं होतं, एसटी चुकलेली. थोरलीने हात केला. मग मला बघून म्हणाली, "चालवते कोण गो? तूच?" मी म्हटलं, मीच. तिने गाडी एकदा खालून वरून बघितली. मग पोरीला म्हणाली, "बस." वाटेत ती पोर झोपली. गाडीत माझ्या भरवशावर कोणीतरी अनोळखी झोपलंय, हे मला सरळगावपर्यंत दुसरं काय सुचू देईना. वळणं इतकी हळू घेतली की एक टेम्पोवाला वैतागला.

मी ठरवलंय. संक्रांत झाली की जीप किन्हवलीला लावणार. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर हसतील, हसू देत. लागतात ते कागद काढायला घेतलेत. यांना सांगा. पाटीवर नको लिहिलं तरी लावणार, हेही सांगा.

तुमच्याकडून माफी मिळावी म्हणून लिहीत नाय. मी आले, सांगितलं, आणि तुमी ऐकलंत. त्यात माझं झालं.

यांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या पिशवीत आहेत.

जया


मळ्यात
४ जानेवारी २०२६

जया,

तुझं पत्र त्याला दोनदा वाचून दाखवलं. स्टँडवरचं आलं तेव्हा त्यानं पाटी मागितली. वाटलं नको लिहितो. त्यानं लिहिलं, "टायर बघ". मागचा डावा झिजलाय असं त्याला म्हणायचं आहे. बदलून घे.

त्याची तब्येत बरी आहे. रोज सकाळी विहिरीपर्यंत चालतो, परत येतो. आठ दिवसांपूर्वी मी त्याच्या ताटात चौथी भाकरी टाकली तर म्हणाला, "नको." स्पष्ट. आम्ही सगळे बघत राहिलो. आता दिवसभर नको म्हणतो, आंघोळीला नको, काठीला नको. वैताग आणलाय.

तू गेलीस त्या दुपारी मी त्याला चिंचेखाली बसवलं आणि नऊ वर्षं जे साठलं होतं ते सगळं बोलले. तासभर बोलले असेन. शिव्यासुद्धा दिल्या. म्हटलं, मला वाटलं माझ्या भावाला मी नकोशी झाले, म्हणून मी त्या अंगणात पाणी न पिता मागं फिरले, आणि तू मला फिरू दिलंस. बायकोला वाचवलंस, बहिणीला जाऊ दिलंस. तो खाली बघत होता. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो बरं म्हणाला. पहिल्यांदा मला त्या बरंचा अर्थ कळला. मग मलाच रडू आलं.

आता तुझं. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. खोटं होईल. तुझं पहिलं पत्र फाडलं नव्हतं, ते चार तारखेचं मात्र फाडलं. नंतर तुकडे जुळवून परत वाचलं. तू आबांना तीन वर्षं बघितलंस, ते वाचताना मी थांबले. मी उशाशी बसायचे आणि मला वाटायचं माझं कर्तव्य झालं. तुझी पाठ तेव्हा दुखायची, तू भिंतीला टेकून उभी राहायचीस, हे मी बघितलं होतं. विचारलं नाही कधी. हे काही तू केलंस त्याच्या बरोबरीचं नाही. पण आहे.

राग अजून आहे. रोज थोडा असतो, पहाटे जास्त. पण आता तो ज्याचा आहे त्याच्यावर आहे, आणि ते माणूस स्वतः गाडी चालवत माझ्या वाफ्यापर्यंत आलं. त्यामुळं तो राग पूर्वीसारखा नाही. पूर्वी मला कारणच ठाऊक नव्हतं.

१८ तारखेला रविवार आहे. त्याला न्यायला ये. मी पण येणार आहे तुमच्याबरोबर, आठ-पंधरा दिवस. कांदा लावून झालाय, पाणी जयराम बघेल. हरेशला पुढं बसू दे, मी मागं बसेन. मला गाडी लागत नाही. नदीवर मला एकदा जाऊ दे, एकटीला. मग घरी येईन.

एक सांगायचं राहिलं. ह्या नऊ वर्षांत मी इकडं सगळ्यांना सांगत आले, की माझ्या भावानं मला बापाचं तोंड बघू दिलं नाही. अख्ख्या वस्तीला माहीत आहे. हरेश अंगणात बसला की बाया त्याच्याकडं तसंच बघायच्या. त्याला कळत होतं. मला ते सहन होईना. परवा डेअरीवर दूध घालायला गेले तेव्हा सगळ्या होत्या. मी तिथंच सांगितलं, की इतकी वर्षं मी जे बोलले ते चूक होतं, माझ्या भावाचा त्यात काही दोष नव्हता.

शेजारच्या प्रेमाबाईनं लगेच विचारलं, "मग कुणी केलं ते?"

मी किटली उचलली आणि म्हटलं, "ते आमचं घरातलं आहे. आम्ही बघून घेऊ."

सावकाश ये.

ताई